आठ बाय चोवीस



शिवकन्या मान वर करून पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. सिद्धोधन वेल्डर माझ्याकडे पाहत होता, आणि सावरटेकचे शंभर-सव्वाशे ग्रामस्थ आळीपाळीने आम्हा तिघांकडे पाहत होते. गायरानावर कलत्या उन्हात लोखंडाची एक चौकट उभी होती. तिची रुंदी आठ फूट होती आणि उंची चोवीस फूट. फुटबॉलचा गोल याच्या नेमका उलट असतो, हे त्या जमावात फक्त दोघांना ठाऊक होते. त्यांपैकी एकीला बोलवत नव्हते आणि दुसऱ्याला बोलण्याचा नैतिक अधिकार उरला नव्हता. चौकटीच्या माथ्यावर एक कावळा येऊन बसला. त्याने खाली पाहिले आणि तोही गप्प राहिला.

अखेर सिद्धोधनने विचारले.

"सर, रंग कोन्ता मारू?"

दोन खांब आणि त्यांवर एक आडवी नळी. याहून साधी वस्तू मानवाने क्वचितच निर्माण केली असेल. तरीही ती माझ्या हातून बिघडली, आणि कशी बिघडली हे सांगणे मला भाग आहे. कारण त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी माझी चूक आपल्या खांद्यावर घेतली, त्यांचे ऋण कवितेत मावण्यासारखे नाही. (मी प्रयत्न केला. तिसऱ्या कडव्यात यमकाचा मोह झाला आणि कागद फाडला.)

शिवकन्या माझी धाकटी बहीण. वय वर्षे बावीस. केरळातील एका व्यावसायिक क्लबची ती गोलरक्षक आहे. गावात अजूनही काही जणांना ती पोलिसात आहे असे वाटते, कारण गणवेश घालून दूर राहणाऱ्या मुलीसाठी आमच्याकडे दुसरे खाते ठरलेले नाही. चार महिन्यांपूर्वी एका सामन्यात झेप घेताना तिचा खांदा निखळला. उपचार झाले, पट्टी सुटली, आणि ती घरी येऊन रबराचा पट्टा दाराच्या कडीला अडकवून सकाळ-संध्याकाळ ओढू लागली. तिचा वर्षाचा करार संपत आला होता. सोमवारी तिच्या प्रशिक्षिकेचा निरोप आला: पूर्ण मापाच्या गोलात, न थांबता, न कापता, पन्नास फटक्यांचे चित्रीकरण रविवार संध्याकाळपर्यंत पाठव, खांदा पाहून करार वाढवायचा की नाही ते ठरेल. एका क्लबने खांद्यामुळे सोडलेल्या गोलरक्षकाकडे दुसरा क्लब सहसा वळून पाहत नाही. हे तिने मला अगदी शांतपणे सांगितले, पट्टा ओढता ओढता.

परभणीच्या मैदानावर त्या आठवड्यात कसल्याशा प्रदर्शनाचे तंबू लागले होते. तेव्हा मी ते वाक्य उच्चारले.

"एवढेच ना? दोन उभे, एक आडवा. मी पाहतो."

येथे माझ्याविषयी थोडे. मी मराठीचा पदव्युत्तर पदवीधर असून मानवतच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. माझा एक कवितासंग्रह आहे. त्याच्या प्रती आमच्या घरी धान्याच्या कोठीमागे आहेत आणि उंदरांनीही त्यांना आजवर हात लावलेला नाही, याचा मी दोन्ही अर्थांनी विचार केलेला आहे. अशा माणसाने वेल्डरला माप सांगताना काय करावे? तोंडी सांगावे. मी पत्र लिहिले. परीक्षांमुळे मला दोन दिवस मानवतला मुक्काम करायचा होता, म्हणून ते सिद्धोधनच्या दुकानात ठेवून गेलो. त्यातील मजकूर पुढे गावाने इतक्या वेळा मोठ्याने वाचला की तो लपवण्यात अर्थ नाही:

"प्रिय सिद्धोधन, मला आभाळाला घातलेली एक चौकट हवी आहे. तिच्यातून काहीही पलीकडे जाऊ नये म्हणून एक मुलगी जिवाचे रान करणार आहे. माप आठ बाय चोवीस. मजबुतीत तडजोड नको."

"सर, आमच्या धंद्यात रुंदी आधी अन् उंची मागून," त्या संध्याकाळी सिद्धोधन मला समजावत होता. त्याच्या स्वरात राग नव्हता. होती ती एका कारागिराची दुखावलेली सचोटी. "साडेतीन बाय सातचा दरवाजा म्हनलं तर कुनी आडवा बशिवतंय का? तुमीच सांगा."

"अरे, पण चोवीस फूट उंच कशाला हवे, असे एकदा तरी विचारायचे!"

"आता तुमीच लिवलं की, आभाळाला चौकट. मला वाटलं आठ फूट कमीच व्हतंय आभाळाला. पर म्हनलं, सर शिकलेले हायेत."

माझ्या ओळी कोणीतरी इतक्या गांभीर्याने वाचण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या वाचकाने त्या ओळी सात गुंठे गायरानावर ट्रॅक्टर लावून, खड्डे घेऊन, सिमेंट ओतून उभ्या केल्या होत्या. शिवकन्या त्या दिवशी खांदा दाखवायला परभणीला गेली होती. आम्ही दोघे एकाच जीपमधून गावात उतरलो, ते थेट या वाचनानंदात.

"आगं माय," आमच्या शेजारच्या सुलाबाई काकू पदर डोक्यावर सावरत वर पाहू लागल्या. "ह्याच्यातून कापसाचा ट्रक जाईल की गं, वर दोन मानसं बसून! शिवे, तू एवढ्या वर उड्या मारतीस व्हय? मंग खांदा निखळंल न्हाई तर काय."

"काकू, गोल आडवा असतोय," शिवकन्या म्हणाली.

"आडवा? मंग हे निजवा की."

निजवणे शक्य नव्हते. सिमेंट पक्के धरू लागले होते, कारण मजबुतीत तडजोड नको असे मी स्वतःच लिहिले होते. आणि ते कापून काढण्याचा विचार सिद्धोधनच्या मनात येतो न येतो तोच गर्दी बाजूला झाली आणि सरपंच राधाकिशनराव पुढे आले. ते चौकटीखाली उभे राहिले, मागे हात बांधून एकदा आरपार चालून गेले, वळून परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जो मी केवळ विमोचनसमारंभात पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

"कविराज," ते म्हणाले, "धा वर्सं झाली. तीन गुत्तेदार बदलले. गावाला कमान न्हाई, कमान न्हाई म्हनून वालूरच्या बाजारात लोकं आमाला हसायचे. अन् तुमी कुनाला न सांगता, न इचारता..." त्यांनी खांबावरून हात फिरवला.

"अण्णा, ही कमान नाही. हा चुकलेला गोल आहे."

"मोठं मन हाय तुमचं," सरपंच म्हणाले.

"आणि येथून रस्ताही जात नाही."

"रस्ता वळवू."

शुक्रवारी सकाळी गाव उठले तेव्हा कमानीवर फलक लागला होता. 'सावरटेक नगरीत सहर्ष स्वागत.' मध्यभागी शिवकन्येचे छायाचित्र, झेप घेतानाचे; वर राधाकिशनरावांचे, झेप न घेतानाचे; आणि खालच्या कोपऱ्यात, खताच्या दुकानाच्या जाहिरातीशेजारी, पोस्टाच्या तिकिटाएवढा मी. खाली नाव: 'भागवत (शिवकन्याचे भाऊ)'. पंधरा वर्षे मी शब्दांत माझी ओळख शोधत होतो. ती कंसात मिळाली. तेव्हा मला फार लागले. आज विचारले तर सांगेन की यापेक्षा नेमकी ओळ माझ्याविषयी कोणी लिहिलेली नाही.

त्याच दिवशी दुपारी ग्रामपंचायतीतून दोन पत्रे आली. पहिल्यात, गावास कमान अर्पण केल्याबद्दल माझे जाहीर आभार मानले होते. दुसऱ्यात, गायरान जमिनीवर विनापरवाना पक्के बांधकाम केल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत मागवला होता. दोन्ही पत्रांचे जावक क्रमांक लागोपाठ होते आणि सही एकाच शाईची. मी ग्रामसेवकांकडे गेलो. चौकट काढून नेण्याची परवानगी द्या, म्हणजे दोन्ही प्रकरणे मिटतील, असे सुचवले.

ग्रामसेवक सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवले.

"सर, तुमी ती काढली तर आभाराचं पत्र रद्द करावं लागंल. अन् आभार रद्द करायला मासिक सभेचा ठराव लागतोय. सभा झाली परवाच."

"आणि ठेवली तर?"

"मंग खुलासा द्या. एका पानात द्या फकस्त." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "एका पानात," ते पुन्हा म्हणाले. माझी कीर्ती तेथवर पोचली होती.

घरी आलो तेव्हा शिवकन्या ओट्यावर बसून पट्टा ओढत होती. माय भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसलो आणि माझ्या अपराधाविषयी एक दीर्घ वाक्य सुरू केले, ज्यात तीन उपवाक्ये होती.

"दादा," ती मध्येच म्हणाली, "पाचवीला असताना मला गोलात कुनी उभं केलं?"

"मी."

"कामून?"

"कारण तुला पळता येत नव्हते, असे मला वाटले."

"ते बी चुकलंच व्हतं की तुजं. मी सगळ्यात जोरात पळायची." ती हसली. "तुज्या चुकीवरच माजं पोट चाललंय. आता ऊठ. रविवारपर्यंत दुसरा गोल बगू."

आधुनिक कवितेत क्षमेला जागा नाही, असे मी एका चर्चासत्रात ठामपणे मांडले होते. तो निबंध आता मागे घ्यावा लागेल.

दुसरा गोल कशाचा करावा, यावर शुक्रवारी संध्याकाळी पारावर विचारमंथन झाले. एकाने दोन बैलगाड्या चोवीस फुटांवर उभ्या करायला सांगितले. दुसऱ्याने लिंब आणि बाभळ यांच्यामध्ये दोर बांधा म्हटले. मोजल्यावर ते अंतर सव्वीस फूट भरले, तेव्हा तो बाभळ सरकवण्याच्या शक्यतेविषयी काही वेळ गंभीर होता. लोखंडी नळ्या संपल्या होत्या. मांडववाल्याचे बांबू उभ्या खांबांना चालत होते, पण चोवीस फुटांचा सरळ, न वाकणारा आडवा खांब साऱ्या गावात नव्हता.

तेव्हा सुलाबाई म्हणाल्या, "तुषारचा पाइप घ्या की."

तुषार सिंचनाचा पाइप वीस फुटांचा असतो. हरभऱ्याला पाणी देण्याचे ते दिवस होते. रानोरान संच फिरत होते. त्यातला एक पाइप काढणे म्हणजे एका शेताची पाळी चुकवणे. शिवाय वीसच्या पुढचे चार फूट दुसरा पाइप कापल्याशिवाय मिळणार नव्हते, आणि एकदा कापलेला पाइप कोणत्याच संचात नीट बसत नाही. प्रत्येक जण आपापल्या हरभऱ्याचा विचार करत होता, आणि तो करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

"माजा काप," सुलाबाई म्हणाल्या.

"काकू, अहो..."

"पाइपच हाय, बोट न्हाई. काप."

सिद्धोधनने रात्रीचे जेवण बाजूला सारून दोन्ही तुकडे जोडले आणि मधे झोळ येऊ नये म्हणून पाइपच्या पोटात बांबू घातला. या खेपेस त्याने माप माझ्याकडून घेतले नाही. शिवकन्येकडून घेतले, तीनदा, आणि प्रत्येक वेळी जमिनीवर आडवे झोपून खात्री केली. जाळे म्हणून भुसा वाहायच्या तीन जाळ्या आल्या. शनिवारी सकाळी सुलाबाई आणि माय यांनी त्या दाभणाने एकत्र शिवल्या. मायने लेकीच्या खेळाविषयी आजवर बरे किंवा वाईट काही म्हटलेले नाही. पण टाके इतके जवळजवळ होते की त्यातून हरभरा निसटला नसता, चेंडू तर दूरच.

शनिवारी दुपारी गोल उभा राहिला. रुंदी चोवीस, उंची आठ. सिद्धोधनने मोबाइल ठेवण्यासाठी एक लोखंडी घडवंची केली होती. ("ह्याची उंची आधी सांगू का रुंदी, सर?" त्याने विचारले, मी हा टोमणा स्वीकारला.) आता फक्त पन्नास फटके हवे होते. गावात फटके मारणाऱ्यांची वाण नाही, असा माझा समज होता.

पहिला फटका मारण्याचा मान सरपंचांनी घेतला. नारळ फुटला. राधाकिशनराव आठ पावले मागे गेले, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि धावत आले. चेंडू जागचा हलला नाही. पायातली चप्पल मात्र सुटली आणि डाव्या वरच्या कोपऱ्याकडे वेगाने निघाली. शिवकन्येने झेप घेतली आणि ती दोन्ही हातांत अचूक झेलली. शरीराला सवय असते. ते वस्तू पाहत नाही. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. ती त्या दिवसातली एकमेव खरी झेप ठरली.

कारण त्यानंतर जे घडले, ते मी पाहिले नसते तर मला खरे वाटले नसते. सत्तावीस जण रांगेत उभे होते. त्यांत कबड्डीपटू होते, कुस्तीगीर होते, उसाची मोळी एका झटक्यात डोक्यावर घेणारे होते. आणि त्यांतला एकही जण माझ्या बहिणीवर जोराने चेंडू मारायला तयार नव्हता. माहेरी आलेल्या लेकीवर पाय कसा उगारायचा? एकाने चेंडूला आधी हात लावून कपाळाला लावला. एकाने "ताई, येतोय हं, डाव्या बाजूनं येतोय," अशी पूर्वसूचना दिली. एकाने चेंडू हाताने उचलून तिच्या हातात नेऊन दिला आणि म्हणाला, "उगं खांद्याला लागायचं." मीही मारला. माझा अंगठा सुजला, एवढीच त्याची नोंद पुरे.

"दादा," चित्रीकरण पाहून शिवकन्या म्हणाली, "हे म्याडमला धाडलं तर त्या म्हनतील, पोरगी भाजी निवडायलीय."

"अरे मारा की जोरात!" मी रांगेला ओरडलो.

"कसं मारावं, सर?" रांगेतून उत्तर आले. "आपलीच हाय ना."

चोवीस तास उरले होते, आणि गावाची माया आड येत होती. या अडचणीवर कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही.

"मंग असं करा," सुलाबाई म्हणाल्या, "तिच्यावर राग हाय असा मानूस बगा."

मी त्या रात्री वहीत तशी यादी करायला बसलो. शिवकन्येवर रागावलेला एकही मनुष्य मला आठवेना. सहज म्हणून माझ्यावर रागावलेल्यांची यादी केली, ती दोन पाने झाली. मायने कंदिलासारखा मंद केलेला दिवा उजळला, पोळपाट पुसून ठेवला आणि माझ्याकडे न पाहता एकच नाव घेतले.

"महारुद्र."

महारुद्र शाळेच्या संघात पुढे खेळायचा आणि शिवकन्या गोलात. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरून तिला मागणी आली. दोन्ही घरे राजी होती, बोलणी तिथी पाहण्यापर्यंत गेली. त्याच आठवड्यात क्लबचे पत्र आले. "तो चांगला हाय," शिवकन्या म्हणाली होती, "पर मला जायचंय." तिच्या नकाराचा निरोप घेऊन मीच गेलो होतो, आणि बहुधा तोही मी नको तितक्या सुंदर भाषेत सांगितला असावा. तेव्हापासून महारुद्र आमच्या गल्लीतून गेला नव्हता. शेताला जायचे तर तो ओढ्याकडून वळसा घालत असे.

रविवारी सकाळी मी त्याच्या रानात गेलो. वाहनात कापूस भरणे चालले होते आणि महारुद्र वर उभा राहून तो पायांनी दाबत होता. मी खाली उभा राहिलो. मी भाषण तयार केले होते. पण वर पांढऱ्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेला तो माणूस आणि खाली मान वाकडी करून मी, अशा रचनेत भाषण टिकत नाही. मी साधे सांगितले. खांदा गेला होता, आज संध्याकाळपर्यंत पन्नास फटके पाठवायचे आहेत, न पाठवले तर करार जाईल, आणि गावात कोणीच जोराने मारत नाही.

तो कापूस दाबत राहिला. पाच-सहा वेळा पाय उचलला आणि रोवला.

"किती वाजता?" त्याने विचारले.

तीन वाजता तो आला. पायात जुने, चोची उघडलेले बूट होते. शिवकन्या गोलात उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले न पाहिले. मी मोबाइल सुरू केला.

पहिला फटका मला दिसलाच नाही. मागच्या जाळीचा आवाज आला तेव्हा कळले की तो झाला. शिवकन्या जागची हलली नव्हती.

"आरं ए!" सुलाबाई किंचाळल्या. "लेकराला मारतूस का काय?"

रांगेतले चार कबड्डीपटू पुढे सरसावले. राधाकिशनरावांनी हात वर केला. महारुद्र दुसरा चेंडू ठेवत होता, खाली मान घालून.

"कुनी मधे यायचं न्हाई!" शिवकन्येचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मैदानावरचा आवाज असावा तो, हजार माणसांवरून जाणारा. "अन् तू, आजून जोरात मार!"

त्याने मारला.

पुढचा अर्धा तास मला शब्दांत नीट धरता येत नाही, आणि मी शब्दांचाच माणूस आहे. धूळ उठत होती, चेंडू येत होता, आणि माझी बहीण त्या धुळीत आडवी होत होती, उठत होती, पुन्हा आडवी होत होती. काही फटके खाली येत, बरेचसे तिच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात. एकेक फटका जणू वर्षभर साठवून आणलेला. तिसाव्यानंतर गावाची दटावणी थांबली. चाळिसाव्यानंतर ते मोजू लागले, सगळे एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसे. त्रेचाळिसाव्याला ती उजवीकडे पूर्ण ताणली गेली, बोटांनी चेंडू पाइपवरून ढकलला आणि खांद्यावर आदळली.

मायने पदर तोंडात धरला होता.

शिवकन्या उठली. हात एकदा गोल फिरवला. "चव्वेचाळीस," ती म्हणाली.

पन्नास पुरे झाले तेव्हा एकोणीस गोल झाले होते आणि एकतीस अडवले होते. चित्रीकरण जायला अर्धा तास लागला. शाळेच्या टाकीवर चढल्याशिवाय आमच्याकडे एवढी मोठी गोष्ट आकाशात जात नाही. सिद्धोधन मोबाइल घेऊन वर चढला. खाली सगळे थांबून राहिले. कोणी चहा आणला. सुलाबाईंनी महारुद्रलाही कप दिला, जरा जोरात, निम्मा सांडून. तो एका बाजूला बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याच्याजवळ जाऊन मी आभाराचे दोन शब्द बोललो. आयुष्यात प्रथमच ते दोनच होते.

उत्तर पाऊण तासाने आले. शिवकन्येने ते वाचले, पुन्हा वाचले आणि मग मोठ्याने मराठीत सांगितले.

"म्याडम म्हनतात, खांदा बरा हाय. धा तारखेला हजर व्हायचं. करार वाढला."

पुढची दोन मिनिटे गायरानावर जे झाले, त्यात राधाकिशनरावांनी मला उचलले, हे मी नोंदवून ठेवतो. मायने पाइपला हात लावून नमस्कार केला. सुलाबाईंनी तिची नक्कल केली आणि मग स्वतःच डोळे पुसले. मी कमानीखाली एकटा जाऊन उभा राहिलो, कारण कृतज्ञता उभ्या उभ्या सहन करायला आठ फूट रुंदी पुरते. परत आलो तेव्हा शिवकन्या अजून मोबाइलमध्ये पाहत होती. निरोपाची एक ओळ उरली होती. ती तिने कोणालाच मोठ्याने सांगितली नाही. मला फक्त दाखवली. प्रशिक्षिकेने लिहिले होते की पन्नासांपैकी तेवीस फटके नेमके दुखऱ्या खांद्याच्या कोपऱ्यात आले आहेत, मला तेच पाहायचे होते, मारणाऱ्याला हे कोणी सांगितले?

मी सांगितलेले नव्हते. मी तर रानात त्याला विनवताना घाईत उजव्याऐवजी डावा खांदा म्हणालो होतो. गावातही सगळे डावाच धरून चालले होते, कारण बातमी माझ्याकडूनच पसरली होती. खांदा निखळला तो सामना कोणत्याच टीव्हीवर दिसला नव्हता. मोबाइलवरच्या कुठल्याशा वाहिनीवर तो भर दुपारी दाखवला गेला, तेव्हा पाहणाऱ्यांचा आकडा मी स्वतः वाचला होता: एकशे बारा. त्यांत सावरटेकचा मी एकटाच, असे मी धरून होतो.

शिवकन्या महारुद्रसमोर जाऊन उभी राहिली. हातमोजे तिने काढले नव्हते.

"महारुद्र," ती हळू म्हणाली, "माजा कोन्ता खांदा गेलता, हे तुला कुनी सांगितलं रं?"

महारुद्रने कप खाली ठेवला. बूट नाड्यांना धरून उचलले, खांद्यावर टाकले, आणि अनवाणीच तो आमच्या गल्लीच्या बाजूने चालू लागला.